हिऱ्याचा धर्मकाटा: घेण्याआधी तिसऱ्याकडून तपासून का घ्यायचं?

(प्लेअर वर आहे. जे बसमध्ये आहेत किंवा ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले दोन-चारशे 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मी नालवाडीतून बोलतोय. वर्ध्याला लागून असलेलं आमचं गाव. कंपनी पुण्याची, पण महिन्यातले तीन आठवडे मी घरूनच काम करतो. त्यामुळे मागे एखादी म्हैस ओरडली तर समजून घ्या, ती शेजाऱ्यांची आहे.

आजचा विषय थोडा वेगळा आहे, हिरा. 'आम्हाला काय करायचंय, आमचं बजेट मोबाईलच्या ईएमआयमध्येच संपतं,' असं म्हणून स्किप करू नका. आपल्या वयाचे खूप जण सध्या साखरपुड्याची अंगठी घेतायत. आयुष्यात पहिल्यांदाच पन्नास हजार, लाख रुपयांची अशी वस्तू घेतायत जिच्यातलं त्यांना काहीच कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मागच्या वर्षी मी अंगठी घ्यायला गेलो, तेव्हा काय झालं आणि त्यातून मला काय समजलं, ते आज सांगतो.

सुरुवात कापसापासून

आमच्याकडे कापूस आहे. कापूस भरून गाडी जिनिंगकडे निघाली की बाबा एक गोष्ट कधी चुकवत नाहीत. रस्त्यात धर्मकाटा लागतो, तिथे गाडी चढवायची, वजन करायचं आणि चिठ्ठी खिशात टाकायची. जिनिंगवर काटा नसतो का? असतो. पण तो घेणाऱ्याचा. धर्मकाटेवाल्याला कापूस घ्यायचाही नाही आणि विकायचाही नाही. त्याला काट्याचे ठरलेले पैसे मिळतात, गाडीत दहा क्विंटल निघो की बारा.

वजनाचं एक बरं असतं, ते आकड्यात येतं. खरी भांडणं होतात ती प्रतीवरून. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ असेल तर कपात, आणि १२ च्या वर गेला की कापूस परत. धागा किती लांब, पिवळेपणा किती, कचरा किती, हे ठरवतो ग्रेडर. वर्धा, हिंगणघाट, देवळी, कुठेही जा, शेतकऱ्याला विचारा, 'भाव कोण ठरवतं?' तो सांगेल, 'ज्याच्या हातात ग्रेड, त्याच्या हातात भाव.'

हे वाक्य लक्षात ठेवा. हिऱ्याचा सगळा खेळ यातच आहे.

अंगठी, कार्ड आणि बाबा

तर साखरपुडा ठरला. बाबा म्हणाले, अंगठी आपल्या ओळखीच्या दुकानातूनच घ्यायची. दुकानाचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही, कारण हा भाग त्या दुकानाबद्दल नाहीये. दुकानदार काकांनी चहा मागवला आणि काळ्या मखमलीवर एक हिरा ठेवला. सुटा, अजून अंगठीत न बसवलेला. म्हणाले, 'बेचाळीस सेंट, एफ रंग, व्हीएस वन, नॅचरल.' सोबत एक प्लास्टिकचं कार्ड, एटीएम कार्डाएवढं. त्यावर हेच सगळं छापलेलं. हिऱ्याचे ८४ हजार. सोनं आणि घडणावळ वेगळी.

मी कार्ड उलटून पाहिलं. मागे त्याच दुकानाचा लोगो. लॅबचं नाव नाही, ऑनलाइन तपासता येईल असा नंबरही नाही.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे एक साधा नियम असतो: स्वतः लिहिलेला कोड स्वतःच अप्रूव्ह करायचा नाही. तुम्ही कितीही हुशार असा, कितीही प्रामाणिक असा, दुसऱ्या कोणीतरी तो बघायचाच. आणि इथे विकणाराच सांगत होता की माझा माल एक नंबर आहे, आणि पुरावा म्हणून त्यानेच छापलेलं कार्ड दाखवत होता.

घरी येऊन बाबांना म्हटलं, हिरा बाहेरून तपासून घेऊ. बाबांचा चेहराच पडला.

'अरे, त्याच्या बापापासून आपला येवहार हाये. तू हिरा तपासाले नेशीन तर तो काय म्हनन? त्याले वाईट नाई वाटन?'

मी म्हटलं, 'बाबा, मंग आपला कापूस जाते तवा तुम्ही धर्मकाट्यावर गाडी कायले थांबवता?'

'तो धंदा हाये.'

'आन् हे काय हाये?'

बाबा काही बोलले नाहीत. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आपल्याकडे तपासणं म्हणजे संशय घेणं, आणि ओळखीच्या माणसावर संशय म्हणजे त्याचा अपमान. या एका भावनेपायी माणसं लाखाची वस्तू न तपासता घेतात आणि दोनशे रुपयांच्या चार्जरचे रिव्ह्यू अर्धा तास वाचतात. या मुद्द्याकडे शेवटी परत येऊ. आधी थोडी माहिती.

चार कागद, चार वेगळी कामं

सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. दुकानातून दागिन्यासोबत तीन-चार कागद मिळतात आणि आपल्याला वाटतं, सगळं 'सर्टिफाइड' आहे.

पहिला हॉलमार्क. भारतात सोन्याच्या दागिन्यांवर तो १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तुम्ही मोबाईलवरच तपासू शकता, आणि तपासाच. पण हॉलमार्क बोलतो फक्त सोन्याबद्दल. तुमचं सोनं १८ कॅरेटचं आहे का, एवढंच. अंगठीतल्या हिऱ्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. 'हॉलमार्क आहे ना, मग हिरा पण खराच,' हे मी तीन वेगवेगळ्या मित्रांकडून ऐकलंय.

आणि हो, सोन्याचा कॅरेट आणि हिऱ्याचा कॅरेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोन्याचा म्हणजे शुद्धता. हिऱ्याचा म्हणजे वजन: एक कॅरेट बरोबर ०.२ ग्रॅम, आणि कॅरेटचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. माझा बेचाळीस सेंटचा हिरा म्हणजे ०.०८४ ग्रॅम. त्याचे ८४ हजार. ग्रॅमला दहा लाख रुपये. हे गणित मी बाबांना सांगितलं तेव्हा ते जरा सावरून बसले.

दुसरा कागद ग्रेडिंग रिपोर्ट, ज्याला आपण सर्टिफिकेट म्हणतो. हा लॅबचा. हिरा नैसर्गिक की लॅबमध्ये वाढवलेला, वजन, मापं, रंग, स्वच्छता, कट, त्याच्यावर काही प्रक्रिया केलीय का, हे त्यात असतं. किंमत नसते.

तिसरा व्हॅल्युएशन, म्हणजे मूल्यांकन. हे किंमत सांगतं. पण कुठली किंमत? विम्यासाठी काढलेली वेगळी, आज बाजारात विकायला गेलात तर मिळणारी वेगळी. काही दुकानं ८४ हजाराच्या वस्तूसोबत सव्वा लाखाचा व्हॅल्युएशन कागद देतात आणि म्हणतात, 'बघा, तुमचा फायदाच.' विकणाऱ्यानेच लिहिलेल्या त्या आकड्याला कागदापलीकडे काही अर्थ नाही. त्या भावाने तोच विकत घेणार असेल तर विचारा. घेणार नाही.

चौथं बिल. ते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचं. त्याच्याबद्दल पुढे.

रंग आणि स्वच्छता म्हणजे मत, म्हणून कोणाचं मत ते बघा

फोर सीज तुम्ही रीलमध्ये ऐकले असतील: कॅरेट, कलर, क्लॅरिटी, कट. डी ते झेड हा रंगाचा मोजपट्टा अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने रूढ केला. ती १९३१ साली सुरू झाली. 'डी' म्हणजे पूर्ण रंगहीन, झेडकडे जाल तसा पिवळसरपणा वाढतो. स्वच्छतेसाठी दहापट मोठं दाखवणारी लूप लावून आतले डाग, रेषा बघतात. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आय, असे खाली खाली जाणारे दर्जे.

यात वजन आणि मापं यंत्र सांगतं. त्यात कोणी फारसं फसवू शकत नाही. पण रंग आणि स्वच्छता शेवटी प्रशिक्षित माणूस नजरेने ठरवतो. चांगल्या लॅबमध्ये काय करतात? हिरा उलटा ठेवून, ठरावीक उजेडात, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून रंग बघतात. बघणाऱ्याला हिरा कोणाचा आहे ते सांगत नाहीत. एकाहून जास्त जण स्वतंत्रपणे बघतात आणि मग ग्रेड ठरते. आमच्या कोड रिव्ह्यूपेक्षा कडक काम आहे.

दुकानात काय असतं? पिवळ्या-पांढऱ्या प्रखर स्पॉटलाइट, ज्याखाली काचेचा तुकडाही चमकतो. आणि सांगणारा तो, ज्याला तुम्ही 'घेतो' म्हटल्यावर पैसे मिळणार आहेत.

आणि एकेका पायरीला पैसे आहेत. डोळ्यांना 'एफ' आणि 'एच' मधला फरक अंगठीत बसवल्यावर तुम्हा-आम्हाला दिसणार नाही. बिलात मात्र दिसतो. म्हणून इथे ढील द्यायला भरपूर जागा आहे. काचेला हिरा म्हणून विकायची गरजही नाही. ग्रेड दोन पायऱ्या वर सांगतात, बस. ग्राहकाला आयुष्यभर कळत नाही.

लॅबचं नाव आहे म्हणून डोळे मिटायचे का?

नाही. दोन गोष्टी सांगतो. २००५ साली खुद्द जीआयएच्या न्यूयॉर्क लॅबमधल्या काही कर्मचाऱ्यांना काढून टाकावं लागलं होतं, कारण ग्रेड वाढवून देण्यासाठी पैसे घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं. आणि २०१४ साली रॅपनेट या हिरे व्यापाऱ्यांच्या मोठ्या ऑनलाइन बाजाराने ईजीएल नावाने निघणारे रिपोर्ट आपल्या यादीतून बंद केले, कारण तेच दर्जे जीआयएच्या मोजपट्टीपेक्षा फार सैल दिले जातायत अशी तक्रार होती. म्हणजे कागदावर 'जी' लिहिलेलं असायचं, पण तो 'जी' सगळीकडे 'जी' म्हणून चालत नव्हता.

याचा अर्थ लॅब बेकार असा नाही. याचा अर्थ, तपासणाऱ्याचा पगार कुठून येतो हे विचारायची सवय लावा. बहुतेक वेळा लॅबची फी विकणारा भरतो. तरीही मोठी लॅब बऱ्यापैकी सुरक्षित असते, कारण तिचं नाव गेलं तर तिचा धंदाच गेला. पण जो रिपोर्ट तुम्ही स्वतः फी भरून काढता, त्यात तपासणारा तुम्हाला उत्तर देतो. विकणाऱ्याला नाही. स्वतंत्र तपासणी म्हणजे एवढंच: निकाल काहीही लागला तरी ज्याच्या खिशात तेवढेच पैसे येणार, असा माणूस.

पेनवाला टेस्टर आणि लॅब-ग्रोन

इथे एक गैरसमज. ऑनलाइन हजार-दोन हजारात पेनसारखा डायमंड टेस्टर मिळतो. टेकवला की बीप. मीही मागवला होता, खोटं कशाला बोलू.

तो उष्णता किती वेगाने वाहून जाते ते मोजतो. हिरा उष्णता फार वेगाने नेतो, म्हणून काच आणि अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया, लगेच पकडले जातात. पण मोझनाइटही उष्णता चांगली नेतो, त्यामुळे साधा टेस्टर त्याला हिरा म्हणू शकतो. आणि लॅब-ग्रोन हिऱ्यावर तर बीप वाजणारच, कारण तो खरंच हिरा आहे. तोच कार्बन, तीच रचना. फक्त जमिनीखाली कोट्यवधी वर्षांत नाही, तर यंत्रात काही आठवड्यांत वाढलेला. सीव्हीडी आणि एचपीएचटी अशा त्याच्या दोन पद्धती आहेत.

लॅब-ग्रोन घेण्यात काहीच वाईट नाही. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेत जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा लॅब-ग्रोन हिराच भेट दिला होता. पण त्याची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या कितीतरी खाली असते आणि गेल्या काही वर्षांत ती सतत घसरलीय. म्हणून लॅब-ग्रोनचे पैसे देऊन लॅब-ग्रोन घ्या. नैसर्गिकचे पैसे देऊन तो घरी येऊ नये, एवढंच. आणि हा फरक डोळ्यांनी, लूपने किंवा पेनने खात्रीने सांगता येत नाही. त्याला लॅबची उपकरणं लागतात. ओळखीचे सराफ 'मी नुसता बघून सांगतो' म्हणाले तर हसून चहा प्या आणि लॅबमध्ये जा.

मग करायचं कसं? स्टेप बाय स्टेप

आता फोनमध्ये नोट्स उघडा.

एक. हिरा सुटा असतानाच तपासा. अंगठीत बसवल्यावर सोन्याचा रंग हिऱ्यात पडतो, कडा झाकल्या जातात आणि वजन मापांवरून अंदाजाने काढावं लागतं. जीआयए पूर्ण ग्रेडिंग रिपोर्ट सुट्या हिऱ्याचाच देते. आयजीआयसारख्या लॅब तयार दागिन्याचाही रिपोर्ट देतात, पण त्यालाही ही मर्यादा असते.

दोन. रिपोर्ट आधीच असेल तर नंबर लॅबच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाका. दुकानाने दिलेल्या क्यूआर कोडवर नाही. क्यूआर कुठेही नेऊ शकतो. वेबसाइटवरचं वजन आणि मिलिमीटरमधली मापं हातातल्या कागदाशी जुळवा.

तीन. हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला नंबर लूपखाली दाखवायला सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. लॅब-ग्रोन हिऱ्यावर दुसऱ्याच एका नैसर्गिक हिऱ्याचा नंबर कोरल्याची प्रकरणं जीआयएने स्वतः जाहीर केली आहेत. नंबर जुळला आणि मापं जुळली नाहीत, तर काहीतरी गडबड आहे.

चार. बयाणा देताना पावतीवर लिहून घ्या: 'स्वतंत्र लॅबच्या तपासणीत वर्णन जुळलं नाही तर पूर्ण रक्कम परत.' तारीख, सही, शिक्का. तोंडी 'हो हो, आपलंच दुकान आहे' चालणार नाही.

पाच. हिरा दुकानातून नेण्याआधी दोघांसमोर वजन आणि मापं घ्या, कागदावर लिहा, दोघांच्या सह्या. हे तुमच्यासाठी जेवढं आहे, तेवढंच दुकानदारासाठी. उद्या त्याने म्हणू नये की तुम्ही हिरा बदलला.

सहा. लॅब कुठे? एक मोठं ठिकाण मुंबई. वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स आहे आणि त्याच भागात जीआयए आणि आयजीआयसुद्धा आहेत. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाही मुंबईतच आहे. जाण्याआधी फोन करून विचारा: वैयक्तिक ग्राहकाचा हिरा घेता का, ओळखपत्र कोणतं लागेल, फी किती, किती दिवस.

सात. किंमतीचं मत वेगळं घ्या. आयकर खात्याकडे नोंदणी असलेले दागिन्यांचे व्हॅल्युअर असतात. पण आपल्या भागात तो पुष्कळदा स्वतः दुकानदारच असतो. त्याला तीन प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः हिरे विकता का? ज्याच्याकडून मी घेतोय त्याच्याशी तुमचा व्यवहार आहे का? तुमची फी ठरावीक आहे की किंमतीच्या टक्क्यावर? टक्क्यावर असेल तर नमस्कार करून निघा, कारण जितका मोठा आकडा तितकी त्याची कमाई. आणि मूल्यांकन करणाऱ्याने 'हा सोडा, माझ्याकडे याहून चांगला आहे' असं म्हटलं, तर तो तपासणारा नाही, दुसरा दुकानदार आहे.

व्हॅल्युअर नाही मिळाला तर सोपा उपाय: रिपोर्टवरचं वजन, रंग, स्वच्छता, कट सांगून तीन वेगळ्या ठिकाणी भाव विचारा. कुठला हिरा, कोणाचा, काही सांगू नका.

आठ. बिल. त्यात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, हिऱ्याचं कॅरेटमध्ये वजन वेगळं, घडणावळ वेगळी, ३ टक्के जीएसटी वेगळा. हिऱ्यापुढे 'नॅचरल' किंवा 'लॅब-ग्रोन' हा शब्द आणि रिपोर्ट नंबर. नुसतं 'डायमंड रिंग १ नग' असं बिल असेल तर उद्या भांडायला तुमच्याकडे काहीच नाही. परत घेण्याची अट असेल तर टक्क्यांसकट तीही बिलावर.

एवढं करूनही फसलात, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

प्रत्येक वेळी गरज आहे का?

नाही. नथीतला, चमकीतला तीन-चार सेंटचा खडा किंवा मंगळसूत्रातले बारीक खडे एकेक करून तपासायला गेलात तर लॅबची फीच जास्त होईल. तिथे बिलावर नीट वर्णन आणि परत घेण्याची अट, एवढं पुरे. माझ्या मते एकच मोठा खडा असेल आणि त्याची किंमत तुमच्या महिन्याच्या पगाराएवढी असेल, तर तपासणी हवीच.

आणि एक कटू गोष्ट, खास आपल्या शेतकरी घरांसाठी. आपण दागिना 'अडीनडीला कामाचा' म्हणून घेतो. पण सोनेतारण कर्ज काढायला गेलात तर हिऱ्याचे पैसे धरत नाहीत, खड्यांचं वजन वजा करून फक्त सोन्याचं वजन मोजतात. म्हणून हिरा ही गुंतवणूक आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आवडतो म्हणून घ्या. पण आवडीचे पैसेही बरोबर मोजून द्या.

माझ्या हिऱ्याचं काय झालं?

मी दुकानात गेलो. छातीत धडधड होत होती. कोडिंग इंटरव्ह्यूलाही इतकी झाली नव्हती. म्हटलं, 'काका, हिऱ्याचे पूर्ण पैसे आत्ता ठेवतो. फक्त मुंबईत एकदा तपासून आणतो. जुळलं की अंगठी बनवा.' काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, 'बाहेरचे गिऱ्हाईक असं बोलतात. तुमच्याकडून नव्हतं वाटलं.' लागलं मला ते. बाबा शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता ते म्हणतील राहू दे. पण ते म्हणाले, 'भाऊ, काटा दोघांसाठी असते. तुमचा माल खरा असन तर तुमचंच नाव होईन.'

पावती झाली, वजन झालं, सह्या झाल्या. मी सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, हिरा शर्टाच्या आतल्या खिशात, रात्रभर झोप नाही. दोन-अडीच आठवड्यांनी रिपोर्ट आला. फी आणि जाणं-येणं धरून काही हजार गेले.

हिरा नैसर्गिक होता. वजन बरोबर बेचाळीस सेंट. कुठलीही प्रक्रिया नाही. पण रंग 'एफ' नाही, 'आय'. स्वच्छता व्हीएस वन नाही, एसआय वन. रंगात तीन पायऱ्या, स्वच्छतेत दोन. त्या वर्णनाच्या हिऱ्याचे भाव मी तीन ठिकाणी विचारले, ५२ ते ५६ हजारांच्या मध्ये आले.

काकांनी रिपोर्ट दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, 'मला पण माल देणाऱ्याने हेच सांगितलं होतं. मी तरी कुठे तपासला?' ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. पण मला ते शक्य वाटलं. त्यांच्या टेबलावर एक लूप आणि एक दिवा होता. ते कार्ड त्यांनी छापलं होतं, पण त्यावरचे शब्द दुसऱ्या कोणाचे होते. साखळीत सगळेच वरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवून खालच्याला पुढे देतात, आणि शेवटी पैसे मोजतो तो आपण.

पैसे परत घेता आले असते. पावती होती. मी माझ्या होणाऱ्या बायकोला फोन लावला. ती म्हणाली, 'मला एफ आणि आय मधला फरक दिसणार आहे का?' म्हटलं, नाही. 'मग हिरा तोच ठेव. पैसे आयचे दे.' काकांनी ५४ हजार लावले. अंगठी पिवळ्या सोन्यात केली, त्यात तो थोडा पिवळसरपणा तसाही दिसत नाही. आणि बिलावर काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: नॅचरल, ०.४२ कॅरेट, आय, एसआय वन, रिपोर्ट नंबर अमुक.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. काकांना वाईट वाटलं का? वाटलं. साखरपुड्याला ते आले नाहीत. दिवाळीनंतर बाबा त्यांच्याकडे जाऊन बसून आले. काय बोलणं झालं ते बाबांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की दुकानात ते कार्ड आता दिसत नाही.

मला अजूनही वाटतं की ओळख मोडायची नसेल तर तपासणी आधीच सांगून, उघडपणे, कागदावर करायची. लपूनछपून दुसऱ्या सराफाला दाखवून आणलं की मग अपमान होतो. धर्मकाट्यावर गाडी सगळ्यांसमोर चढते, म्हणून तिथे कोणी कोणावर रागवत नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत कोणाचा साखरपुडा ठरला असेल तर हा भाग त्याला आजच पाठवा, अंगठी घेतल्यावर नाही. आणि घरी एखादा दागिना असेल तर त्याचं बिल शोधून काढा आणि बघा त्यावर काय लिहिलंय. 'डायमंड रिंग १ नग' असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.

काळजी घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात.